फोन कोणाच्या हातात?

आई-बाबांसाठी व्हिडिओ नर्सिंग विकणाऱ्यांचं सध्या पेव फुटलंय. महिन्याचं पॅकेज घ्या, सिस्टर रोज पडद्यावर भेटेल, बीपी-शुगर नोंदवेल, गोळ्या घेतल्या का विचारेल आणि संध्याकाळी तुमच्या मोबाइलवर अहवाल येईल. मग तुम्ही बोस्टनला असा की बंगळुरूला. कल्पना चांगली आहे. तिचा खरा उपयोग कुठे होतो, तेही पुढे सांगणारच आहे. पण पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. आईच्या खोलीत तो फोन धरणार कोण?

पडद्यावरच्या सिस्टरला फोन धरणारा दाखवेल तेवढंच दिसतं. सिस्टर कितीही शिकलेली असो, कॅमेरा कितीही महागाचा असो.

आमच्याच सोसायटीतली गोष्ट. ऐंशी ओलांडलेल्या एक काकू. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्या अंथरुणालाच खिळल्या. सांभाळायला दिवसाला एक मावशी, रात्रीला दुसरी. टॅब पलंगाच्या पायथ्याशी स्टँडवर लावलेला. सकाळी अकराला सिस्टर पडद्यावर यायची.

"काकू, कशा आहात?"

"बरी आहे."

"नाश्ता झाला?"

"झाला की."

"कुठे दुखतंय का?"

"नाही गं."

"मावशी, बीपीचा आकडा सांगा."

मावशी मशीनवरचे आकडे वाचून दाखवायच्या. पाच मिनिटांत भेट संपायची. अहवालात सगळ्या रकान्यांपुढे बरोबरची खूण, आणि मुलाला परदेशात समाधान. एक दिवस नाशिकची भाची भेटायला आली. काकूंच्या पायांना जरा तेल चोळावं म्हणून तिने चादर वर केली आणि लोकरीचा मोजा काढला. डाव्या टाचेवर काळा चट्टा होता, खोलवर गेलेला. थंडी वाजते म्हणून काकूंच्या पायांत कायम मोजे असायचे.

काकू खोटं बोलत नव्हत्या. जुन्या मधुमेहाने पायांची जाणीव गेलेली, त्यामुळे त्यांना दुखतच नव्हतं. सिस्टर कामचुकार नव्हती, तिच्यापुढच्या प्रश्नांच्या यादीत टाच नव्हती. आणि सांभाळणाऱ्या मावशींना मोजा काढून टाच दाखवायची असते, हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती जखम भरायला पुढे कित्येक महिने गेले. एकाने टाच बघितली असती तर उशी पोटरीखाली सरकवून टाच अधांतरी ठेवण्याएवढंच काम होतं.

ज्यांच्या घरी असा रुग्ण नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. झोपून असलेल्या माणसाचा भार माकडहाड, टाचा, खुबा, खांद्याची पाती अशा हाडांवर येतो. तिथली कातडी हाड आणि गादीच्या मध्ये दबते, रक्त पोचत नाही, आणि कातडी मरायला लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पहिली खूण म्हणजे न जाणारी लाली. निरोगी कातडी बोटाने दाबली की क्षणभर फिकी पडते आणि पुन्हा रंग भरतो. बिघडायला लागलेली कातडी दाबून सोडली तरी लालच राहते. आता हे सगळं गोऱ्या कातडीचं वर्णन झालं. आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसतच नाही. तिथे हात ठेवूनच बघावं लागतं, की ही जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, गार लागते का, टणक झालीय का लिबलिबीत. हे सांगणारा कॅमेरा अजून कोणाच्या मोबाइलमध्ये नाही. त्यात खोलीतला पिवळा दिवा, आणि चित्र देखणं दिसावं म्हणून फोनने परस्पर बदललेले रंग.

पायाच्या सुजेचंही तेच. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून ठेवायचा आणि सोडल्यावर खळगा राहतो का ते बघायचं. हृदय थकलेल्या माणसाच्या बाबतीत त्या खळग्यावर पुढचे निर्णय ठरतात. आणि वास तर पडद्यावर येतच नाही. लघवीचा वास बदलला, जखमेला वास यायला लागला, डायपर बराच वेळ तसाच आहे, हे खोलीत पाय ठेवल्याबरोबर कळतं. अनुभवी सिस्टर घरात शिरताना अर्धी तपासणी नाकानेच करते.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितक्याच जोरात सांगायची आहे. माझ्या ओळखीच्या एक सिस्टर सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्या. त्या थोड्या घरांना सेवा देतात आणि व्हिडिओ भेटीही घेतात. त्यांची एक अट असते. पहिली भेट प्रत्यक्ष, आणि त्या भेटीत निम्मा वेळ रुग्णाला, निम्मा वेळ मावशींना. मावशींचा हात हातात घेऊन त्या शिकवतात. टाच कशी उचलायची, बोट कुठे ठेवायचं, फोन किती लांब धरायचा. नंतरच्या त्यांच्या व्हिडिओ भेटीत रुग्णाशी गप्पा होतातच, पण बरंचसं बोलणं मावशींशी चालतं.

"आधी खिडकी उघडा मावशी. दिवा नको, उजेड पाहिजे. आता त्यांना डाव्या कुशीवर घ्या. माकडहाड दाखवा. इतक्या जवळ नको, वीतभर लांब. हां. बोट ठेवा. गरम लागतंय?"

"नाही बाई. बाजूला आहे तसंच."

"आता टाचा. दोन्ही. मोजे काढा. बोटांच्या बेचक्यापण. आता पाठीवर घ्या, फोन छातीवर धरा आणि एक मिनिट कोणी बोलू नका."

त्या एका मिनिटात त्या श्वास मोजतात. छातीचा वर-खाली होण्याचा वेग पडद्यावर उत्तम दिसतो. मावशी फोन हलू देत नाहीत, कारण तो का हलू द्यायचा नाही हे त्यांना माहीत आहे. ही भेट मी बघितली आहे, आणि ती अनेक धावत्या प्रत्यक्ष भेटींपेक्षा सरस होती.

इन्शुलिनच्या पेनला तर व्हिडिओसारखी सोय नाही. पेनच्या खिडकीतला आकडा कॅमेऱ्यासमोर धरायचा. सिस्टर तो वाचते, मग टोचायचं. बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच उपसायची नाही, दहा मोजायचे. काल कुठे टोचलं, आज कुठे, तेही दिसतं. एकाच जागी टोचून टोचून गाठ झाली असेल तर मावशींच्या बोटाला लागते. दम्याच्या पंपाचं तसंच. कित्येक जण वर्षानुवर्षं पंप ओढतात आणि औषध जिभेवरच राहतं. सिस्टरने समोर बसून दोन-तीनदा करून घेतलं की फरक पडतो, आणि हे समोर बसणं पडद्यावरून जमतं. नाकातल्या नळीतून जेवण देताना डोक्याकडची बाजू पुरेशी वर आहे का, भरवून झाल्यावर लगेच आडवं तर केलं नाही, ही देखरेखही जमते. रोज त्या वेळेला माणूस पाठवणं परवडणार नाही तिथे रोज पडदा परवडतो. क्षयरोगात रुग्णाने गोळी घेताना आरोग्यसेवकाने समोर असावं, ही जुनी पद्धत. तिच्याऐवजी व्हिडिओवरून गोळी घेताना बघितलं तरी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली मान्य केलं. म्हणजे कामाची निवड नीट केली तर पडदा भरवशाचा आहे. ऐकू कमी येणाऱ्यांना तर साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कितीतरी बरा, ओठ दिसतात, चेहरा दिसतो. विस्मरणाचा आजार असेल तिथे मात्र जपून. पेटीतून कोणी बाई आपलं नाव घेऊन बोलते म्हणून घाबरलेल्या आजी मी पाहिल्यात. तिथे मावशींनी शेजारी बसून हात धरावा लागतो.

पुन्हा मावशीच आल्या. बघा, कुठलंही उदाहरण घ्या, खोलीत दुसरा माणूस लागतोच, आणि घरोघरी तो माणूस म्हणजे सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशी. बारा तासांची ड्युटी. दोन बस बदलून येतात. घरचे देतात त्यातला हिस्सा ब्युरो कापून घेतो. कूस बदलणं, डायपर, स्पंजिंग, भरवणं, कपडे, आणि बऱ्याच घरांत वर भांडीसुद्धा. आता या सगळ्यावर पडद्यावरच्या सिस्टरचे हात, बोटं आणि नाक होण्याचं काम त्यांच्यावर आलंय. त्याचे वेगळे पैसे नाहीत, त्याचं प्रशिक्षण नाही. कित्येकदा नेटपॅकसुद्धा त्यांच्याच मोबाइलचं. कंपनीच्या जाहिरातीत तज्ज्ञ असतात, ॲप असतं, हसणारे आजोबा असतात. मावशी कुठेच नसतात. ज्या माणसावर अख्खी सेवा चालते त्याचं नावही कंपनीच्या कागदावर नसतं, याला मी लबाडी म्हणते.

वर भिंतीवर दुसरा कॅमेरा. तो मावशींवर लक्ष ठेवायला. त्यामागची भीती मला समजते. परक्या माणसाच्या हाती आई सोपवायची, आणि वाईट अनुभव आलेली घरं आहेत. पण त्याच खोलीत आईचं स्पंजिंग होतं, डायपर बदलतात, ती उघडी असते. व्हिडिओ भेट वेळ ठरवून होते, सुरू होते आणि संपते. भिंतीवरचा कॅमेरा संपत नाही. जन्मभर दार लावून कपडे बदललेल्या बाईला हे चालेल का, हे तिला कोणी विचारलं? २०२३ साली झालेला वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमतीवर उभा आहे. इथे 'मान्य आहे' चं बटण मुलाने दाबलेलं असतं. आई शुद्धीवर आहे, पेपर वाचते, शब्दकोडं सोडवते. तिला विचारा. भेट किती वाजता हवी, कोणी बघितलेलं चालेल, काय दाखवलेलं चालणार नाही, हे तिने ठरवायचं.

परदेशातल्या मुलांना धोपटणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. पुण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात. दिवसभराच्या कामानंतर माणूस तो अहवाल उघडतो, सगळं ठीक दिसतं आणि त्याला झोप लागते. ही झोप त्याला मिळायला हवी. फक्त ती खऱ्या माहितीवर लागायला हवी. म्हणून माझी मागणी अशी, की प्रत्येक व्हिडिओ भेटीच्या अहवालात एक रकाना सक्तीचा करा. आज काय बघितलं नाही. पाठ बघितली नाही. टाचा बघितल्या नाहीत. तोंडाच्या आतून बघितलं नाही. हा रकाना सलग काही दिवस भरलेला दिसला की कोणीतरी घरी जायचं. नाशिकच्या त्या भाचीची वाट बघावी लागणार नाही.

मावशींना हे जमेल का, असं विचारणारे भेटतात. शिक्षण नाही हो, कसं जमेल? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने कधीच दिलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल करायला शिकवलं. बाळाचा ताप घ्यायचा, वजन करायचं, श्वास मोजायचे, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि उपचार सुरू करायचे. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे देशाने ही पद्धत उचलली. २०११ पासून आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दिवस ठरलेले, फॉर्म ठरलेला, मानधन ठरलेलं. दीड-दोन किलोच्या बाळाचे श्वास मोजायला बाई शिकू शकते, तर आजीची टाच बघायला का शिकणार नाही? शिकवणाराच आला नाही तर कशी शिकणार!

आयुष्याच्या पहिल्या बेचाळीस दिवसांसाठी सरकारने भेटींचं वेळापत्रक केलं, हे मोठं काम आहे. शेवटच्या वर्षांचं काय? ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० सालापासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघायचं आणि सांभाळणाऱ्यांना शिकवायचं, हे त्यात उपकेंद्राच्या कामांमध्ये लिहिलेलं आहे. तुमच्या गावात यासाठी शेवटचं कोण आलं होतं, चौकशी करून बघा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. टाचेची जखम चिघळून रुग्णालय गाठलं तर त्यातून पैसे मिळतील. ती जखम होऊ नये म्हणून रोज कूस बदलणाऱ्या मावशींचा पगार त्यात बसत नाही.

हे फक्त पुण्यातल्या कोथरूड-औंधचं दुखणं समजू नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ आणि २०११ च्या जनगणनांदरम्यान घटली. माणसं मुंबईला गेली, म्हातारी मागे राहिली. तिथे वाडीवर सिस्टर पोचायला अर्धा दिवस जातो, म्हणून खरं तर व्हिडिओची गरज तिथे सगळ्यात जास्त. आणि तिथेच अंगणाच्या एका ठरावीक कोपऱ्यात रेंज येते, खोलीत नाही. झोपलेल्या माणसाला अंगणात कसं आणायचं? त्यावर उपाय साधा आहे. मावशींनी किंवा आशाताईंनी खोलीत फोटो काढायचे, मोजलेले आकडे कागदावर लिहायचे आणि अंगणात येऊन सिस्टरशी बोलायचं. समोरासमोर भेट झाली नाही तरी काम होतं. पुन्हा सगळी मदार शिकलेल्या हातावर.

साठीच्या पुढचे लोक २०२२ साली देशात १४.९ कोटी होते. २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०२३ च्या अहवालात म्हटलंय. एवढ्यांच्या घरी रोज नर्स पोचणार नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच पडदा हवा. फक्त 'डेन्मार्कमध्येही व्हिडिओ भेटी होतात' असं सांगून तो विकू नका. तिथे घरपोच सेवा ही नगरपालिकेची कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे आणि कायमची गरज असणाऱ्याला ती मोफत मिळते. व्हिडिओ भेट त्या व्यवस्थेला जोडून आलेली आहे. आपण नुसता पडदा उचलला आणि मागची यंत्रणा तिथेच ठेवून आलो.

आपल्याकडे टेलिमेडिसिनची मार्गदर्शिका २५ मार्च २०२० ला आली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. रुग्णाच्या बाजूला नर्स किंवा आरोग्यसेवक असेल तर काय करायचं, हे तिच्यात लिहिलंय, आणि रुग्णाने अधिकार दिलेली काळजीवाहू व्यक्तीही तिने मान्य केलीय. म्हणजे मावशींना कागदावर जागा मिळू शकते. ती जागा भरायची तर त्यांना शिकवायला हवं, आणि शिकवणारे हात गल्लोगल्ली आहेत. निवृत्त सिस्टर, परिचारिका महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुली. महापालिकांनी आपल्या दवाखान्यांमध्ये आठवडाभराचा वर्ग सुरू करावा. कूस बदलणं, कातडी तपासणं, श्वास मोजणं, नळी आणि कॅथेटरची स्वच्छता, आणि फोन धरणं. शेवटी परीक्षा, आणि पास झालेल्या बाईला फोटोचं प्रमाणपत्र. ब्युरोने असं प्रमाणपत्र असलेल्या बाईलाच व्हिडिओच्या घरी पाठवावं. कंपनीने पहिली भेट प्रत्यक्ष केल्याशिवाय पॅकेज सुरू करू नये, आणि पडद्यावर शंका आली तर किती तासांत माणूस दारात येईल ते लेखी द्यावं.

आणि पैसे भरणाऱ्या मुलामुलींनो, येत्या महिन्याच्या पावतीवर तुम्हीच एक ओळ वाढवून मागा. सिस्टरची फी, ॲपची फी, आणि त्याखाली प्रत्येक व्हिडिओ भेटीमागे मावशींचे वेगळे पैसे. त्यांच्या नावाने, त्यांच्या खात्यात, ब्युरोचा हिस्सा न कापता.